खालच्या खोलीचं तापमान

(नवीन पनवेल, मे महिन्यातली दुपार. अर्धवट बांधलेल्या सामानात वसुंधरा बसली आहे. फोन डब्याला टेकवलेला. पडद्यावर तिची मुलगी अनुया, एडिंबऱ्यातल्या आपल्या घरी. कामाला येणारी दमयंती कपाट रिकामं करते आहे.)

वसुंधरा : ...आणि नकाशात प्रत्येक खोलीच्या डाव्या कोपऱ्यात एक आकडा आहे. चौकटीत, तांदळाच्या दाण्याएवढा. चष्म्यातून दिसला नाही, भिंग घेतलं तेव्हा दिसला. हॉलमध्ये एकवीस. तुझ्या राजसच्या खोलीत एकवीस. बाथरूममध्ये बावीस.

अनुया : ते डिझाइन टेंपरेचर, आई. बाहेर उणे चार असताना आत किती राहायला हवं, ते.

वसुंधरा : ते कळलं मला. चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. मी तुला त्यातली चूक सांगतेय.

अनुया : अगं, तू नुसतं बघ म्हटलं होतं. हीटिंगवाल्याचं ड्रॉइंग आलं, म्हणून पाठवलं. तपासायला नाही.

वसुंधरा : बघायचं तर नीट बघायचं. खालच्या खोलीच्या भिंती त्याच दगडाच्या, दोन फुटी. खिडकी वरच्यापेक्षा मोठी. तरी तिथून बाहेर जाणारी उष्णता वरच्या खोलीपेक्षा कमी कशी आली? म्हणून मी उलटीकडून भागाकार केला. वर सगळीकडे आतबाहेरचा फरक पंचवीसच्या आसपास धरलाय. खाली सोळा. म्हणजे खालची खोली त्याने बारा अंशांवर ठेवलीये. मग भिंगाने पाहिलं. बाराच आहे.

अनुया : टायपिंग मिस्टेक असेल.

वसुंधरा : आकडा टायपिंगमध्ये चुकला असता तर पुढचं गणित त्याच्याशी जुळलं नसतं. इथे जुळतंय. शिवाय खिडक्यांखाली त्या आडव्या पट्ट्या काढल्यात, ते खोली तापवणारे रेडिएटर ना? वर नऊ मोजले. खाली एकही नाही. त्याला कळव, खाली माणूस राहणार आहे.

अनुया : कळवते.

वसुंधरा : आज कळव. पाइप टाकून झाले की म्हणेल, आता फरशी उखडावी लागेल.

दमयंती : बाई, हे दोन स्वेटर कुटं ठेवू? एकाला कसर लागली हाय.

वसुंधरा : दोन्ही मोठ्या बॅगेत.

दमयंती : अनुताय, बारा म्हंजे किती ग थंड? आमच्या करंज्याच्या बंदरावर मासळीला बर्फ फोडतात तिथं उभं रायलं का कसं वाटतं, तसं?

वसुंधरा : तितकं नाही. पापलेट एक दिवस निघेल. माणूस किती निघेल ते अनू सांगेल.

अनुया : आई, प्लीज. मी ऑइल हीटर आणणारच होते तुझ्यासाठी. चाकांचा असतो. पाहिजे तिकडे ढकलत नेता येतो.

वसुंधरा : आणणार होतीस.

अनुया : म्हणजे आणणार आहे.

वसुंधरा : म्हणजे तुला माहीत होतं. मघाशी टायपिंगची चूक होती, आता तिच्यावर उपाय म्हणून हीटरसुद्धा ठरलेला आहे.

अनुया : तू ना, माणसाला वर्गात उभं केल्यासारखं बोलतेस.

वसुंधरा : सत्यजीतचं डोकं आहे का हे? खरं सांग. जावई आहे, मी त्याला काही बोलणार नाही.

अनुया : त्याचं नाव नको घेऊस. उलट त्यानेच ड्रॉइंग बघून मला विचारलं, आईंच्या खोलीत रेडिएटर का नाही म्हणून.

वसुंधरा : मग तू काय सांगितलंस?

अनुया : म्हटलं, बघते.

दमयंती : बाई, पंखा जरा हिकडं वळवू का? तुमच्या कागदावर घाम टिपकतोय.

वसुंधरा : वळव. छत्तीस आहे आज.

अनुया : एसी लाव ना मग.

वसुंधरा : परवा भंगारवाल्याने नेला. फ्लॅट घेणाऱ्यांना स्वतःचा नवीन बसवायचाय. नवरा-बायको दोघंही न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात आहेत. गुरुवारी सकाळी अकराला रजिस्ट्रेशन. त्यानंतर या फ्लॅटमध्ये माझं काही नाही. दोन बॅगा आणि तुझं विमानाचं तिकीट.

अनुया : गॅलरीतलं ते बाहेरचं युनिटसुद्धा नेलं?

वसुंधरा : नुसतं आतलं नेऊन तो काय करणार?

अनुया : सतरा वर्षांनी निघालं म्हणायचं.

वसुंधरा : त्यात एवढं काय?

अनुया : काही नाही. आजीच्या उशाशी होतं.

वसुंधरा : उशाशी नव्हतं. चार फुटांवर होतं.

अनुया : चार फूट. हो ना, तू मोजलं असणारच.

वसुंधरा : सोसायटी बाहेरच्या भिंतीवर लावू देत नव्हती. बेडरूमला लागून गॅलरीच होती. वन बीएचके होता, अनू. हॉलमध्ये मी आणि तुझे बाबा, बेडरूममध्ये तू, तुझी बारावी. सासूबाई स्वतः म्हणाल्या, मी गॅलरीत टेकते, वारा येतो.

अनुया : वारा यायचा, एसी लागेपर्यंत. मग त्या युनिटच्या पंख्यातून काय यायचं ते तुला माहीत होतं. मेकॅनिक तुला म्हणालेला, मॅडम, बंद गॅलरी आहे, गरम हवा कोंडेल, इथे कुणी झोपू नका. मी दारात उभी होते.

वसुंधरा : मी सरकती काच अर्धी उघडी ठेवायला सांगितली होती.

दमयंती : डास यायचे त्या काचंतून. मग आजी मला सांगायच्या, लाव ग बाय. मी लावायची.

वसुंधरा : तुला कुणी विचारलं नाही.

दमयंती : नाय, नाय विचारलं. त्या वक्ताला पण नाय विचारलं कोनी. दुपारी अंग पुसायला जायची ना मी, तं पाठ तव्यासारखी लागायची हाताला. एक डाव म्हनल्या, दमे, माजी उशी जरा फिरीजमंदी ठेव. मी ठेवली. तुमी कॉलेजातून आल्या न् काडलीत.

वसुंधरा : भाजीला उशीच्या तेलाचा वास लागत होता.

अनुया : हे मला माहीत नव्हतं.

वसुंधरा : तुला बरंच माहीत नव्हतं. तू आत दुलई घेऊन झोपायचीस. मे महिन्यात. वीसवर लावून दुलई. एसी माझ्यासाठी नव्हता घेतला, हेही सांग दमयंतीला.

अनुया : मी सतरा वर्षांची होते.

वसुंधरा : सतराव्या वर्षी दार उघडता येतं. गॅलरीत काय आहे ते दिसतं. रिमोटही तुझ्याकडेच असायचा. एक दिवस बंद केला असतास, तर मी काही म्हटलं नसतं.

अनुया : म्हटलं असतंस.

वसुंधरा : हो. म्हटलं असतं.

अनुया : मला दिसलं होतं, आई. दिसलं नाही असं मी म्हणतच नाहीये. पण मला दुसरंही दिसलं होतं. तू गॅलरीत थर्मामीटर टांगला होतास. कॉलेजच्या लॅबमधला, लाल दोऱ्याने. रोज रात्री दहाला जाऊन बघायचीस आणि कॅलेंडरवर लिहायचीस. मला वाटायचं, आई बघतेय म्हणजे आई काहीतरी करणार. मी वाट बघायचे.

वसुंधरा : मला नक्की किती वाढतं ते हवं होतं. कुणी उगाच बोललं तर दाखवायला.

अनुया : किती वाढायचं?

वसुंधरा : आता कुठे आठवतंय.

अनुया : तुला आठवतं.

वसुंधरा : बेचाळीस. एकदा त्रेचाळीस.

अनुया : आणि ते लिहून तू काय केलंस?

दमयंती : मी आत जाऊन भांडी बांदते.

वसुंधरा : थांब इथेच. मी काय केलं, ते तूही ऐक. काही नाही केलं. दोन उन्हाळे काही नाही केलं. तिसरा त्यांनी पाहिलाच नाही. डॉक्टर वय म्हणाले. मी वय म्हटलं. तुझे बाबाही वयच म्हणाले, आणि ते तर त्यांच्या पोटचे. झालं समाधान? आता हे बारा म्हणजे त्याची शिक्षा का? बेचाळीसच्या बदल्यात?

अनुया : तू याचंही गणित करतेस.

वसुंधरा : मग दुसरं काय आहे, ते सांग.

अनुया : शिक्षा नाहीये. मी ठरवून काहीच केलं नाही. हीटिंगच्या सर्व्हेचा तो माणूस घरभर फिरला. म्हातारा आहे, सावकाश बोलतो. प्रत्येक खोलीत मधोमध उभा राहायचा आणि विचारायचा, इथे कोण असतं? त्याला किती ऊब लागते? राजसच्या खोलीत मी म्हटलं, माझा मुलगा, त्याला सर्दी लवकर होते. खाली उतरलो. तुझा पलंग आलेला होता, त्यावर तू पाठवलेली गोधडीपण घातली होती. तो उभा राहिला आणि त्याने विचारलं, इथे कोण असतं?

वसुंधरा : आणि?

अनुया : मी म्हटलं, कोणी नाही.

वसुंधरा : तोंडातून निघून गेलं.

अनुया : हो. त्याने पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बारा लिहिलं. वर येईपर्यंत मला दुरुस्त करता आलं असतं. नंतर तीन महिने करता आलं असतं. ईमेल करायची होती एका ओळीची. रोज उघडायचे आणि बंद करायचे. मग त्याने फायनल ड्रॉइंग पाठवलं, आणि मी ते तुला पाठवलं.

वसुंधरा : नुसतं बघ, असं लिहून.

अनुया : तुला दिसेल हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या आईला दिसलं नसतं.

वसुंधरा : म्हणजे जे तुझ्याच्याने बोलवत नव्हतं, ते माझ्याकडून सोडवून घ्यायचं होतं. लहानपणी प्रॅक्टिकलची वही आणायचीस, तशी.

दमयंती : बाई, पानी घ्या.

वसुंधरा : नको. अनू, दोन वर्षं तू म्हणतेस, ये. आधी राजसला सांभाळायला ये म्हणालीस, तो शाळेत जायला लागला. मग म्हणालीस, खोली होऊ दे. मग हीटिंग होऊ दे.

अनुया : घर विक असं मी कधीच म्हटलं नव्हतं.

वसुंधरा : नको विकू असंही म्हटलं नाहीस. मी तुला टोकन घेतल्याचा फोटो पाठवला तेव्हा अंगठा पाठवलास. आज मंगळवार. परवा अकराला मी सही केली की पनवेलमध्ये मला टेकायला जागा नाही. दमयंतीच्या सुकापूरच्या खोलीत जाईन म्हटलं तर ती मला ठेवेल का, तेही विचारावं लागेल.

दमयंती : आमच्याकडं गॅलरी नाय, बाई.

वसुंधरा : ऐकलंस? ती निदान बोलली. तू बोल. हीटर नको सांगूस, मिस्टेक नको सांगूस. त्या म्हाताऱ्याला जे सांगितलंस ते मला माझ्या तोंडावर सांग. मी रडणार नाही, तुला माहीत आहे.

अनुया : आई...

वसुंधरा : मी ऐकतेय.

अनुया : परवा सही करू नकोस. मला तू माझ्या घरात नको आहेस.