थुंकीनं केली चहाडी

...आणि थुंकीसुद्धा चहाडी करते, हे मला कुणी सांगायचं होतं हो? सातवी शिकलेली बाई मी! लोक मोठ्यांची थुंकी झेलतात एवढं ऐकून होते, पण तुम्हाला सांगते, आमच्या रावेरकडच्या गावात शास्त्रज्ञ मयुरी मॅडम जळगावहून गाडी करून आल्या त्या आम्हा बायांची थुंकी झेलायला! चार नळ्या हातात दिल्या. उठल्याबरोबर एक, अर्ध्या तासानं दुसरी, एक दुपारी, एक निजताना. "अंगात एक घड्याळ असतं, सारिकाताई. ताणाचं हार्मोन सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. थुंकीत सगळं दिसतं, मनावरचा ताणसुद्धा!"

ताणसुद्धा? माझा चंदन चार महिन्यांचा. झोपला की नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना... शिंकला की मलाच रडू येतं. पण हे कागदावर निघालं तर? कुंदाबाईची सून सासरी सुखात नाही म्हणतील! आणि सासूबाई तर बाजारात सांगत सुटलेल्या, "आमच्या सारिकाले कमी नाही कायची!"

मग मी काय केलं... नका विचारू. चंदनची लाळ गळतच असते, नुसती धार! त्याच्या हनुवटीखाली धरून भरल्या चारी नळ्या. लेकराला कसला आलाय ताण?

पंधरा दिवसांनी मॅडम धावत आल्या, डोळे हे एवढे! "सारिकाताई, तुमच्या शरीराला सकाळ-संध्याकाळ कळतच नाही हो! हे तर तान्ह्या बाळासारखं... मोठ्या तपासण्या कराव्या लागतील!" केली ना थुंकीनं चहाडी!

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माय व! माझ्या सुनेचं घड्याळ बंद पडलं!" झालं, गावभर! शेजारच्या झुंबरबाई कुंपणावरून, "सेल बदलून पाहा वं!" सासूबाई मला कामाला हात लावू देईनात, डिंकाचे लाडू काय, पाय चेपणं काय... आणि तुम्हाला सांगते, दिवसाला सहा कप चहा लागणारी बाई, मी बरी होईपर्यंत चहाच सोडला! चहावाचून आठ दिवस डोक्याला फडकं बांधून कण्हत फिरतेय, आणि मी? मी लाडू खातेय! उतरेल का हो घशाखाली?

मॅडम मला तपासणीला न्यायला आल्या, तेव्हा सांगून टाकलं सगळं. मॅडमनी कागदावर मोठी फुली मारली. सासूबाई ओरडतील म्हटलं, तर नाही... ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "एवढा ताण होता, तं मले कायले नाही सांगतला?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं हो!

आता परत चार नळ्या. सासूबाई चहाचा कप घेऊन समोरच बसल्यात. "थुंक माय. जे निघीन ते निघीन." अर्धा तास झाला, नळी धरून बसलेय... लाजेनं अशी कोरड पडलीय तोंडाला, थेंब येईल तर शपथ! आणि मांडीवर चंदन... त्याची आपली धार चालूच!