विज्ञानपेटी यष्टीनं निघाली

१९९४ सालची गोष्ट. इस्लामपूरहून कडेगावला निघालेल्या यष्टीत माया बसली होती. पुढच्याच बाकावर तिच्या लेकीचे, पायलचे थोरात गुरुजी होते, मांडीवर शाळेची विज्ञानपेटी घेऊन. शेजारी पलीकडच्या गावचे मास्तर. दोघंही बोलण्यात इतके रंगलेले, की मागं कोण आहे ते त्यांनी पाहिलंच नाही.

“तपासणीचं सायेब कुठवर आलं?” मास्तरांनी विचारलं.

“आमच्याच शाळेत जेवाय बसल्यात. बासुंदी हाय, लवकर उठत न्हाईत. तवर पेटी तुमच्या शाळेत पोचती.”

“दोन शाळांत एकच पेटी हाय, ह्ये कळाय नगं.”

“वरचं शाळेचं नाव तेवढं बदला, झालं.”

“पोरं हाताळत्यात का पेटी?”

“छ्या! फुटंल की गड्या. कृतीतून शिक्षण हाय ह्ये, लय जपून करावं लागतंय.”

“आनि सायबानं पोरास्नी इचारलं तर?”

“इचारलं की! भिंगातनं मुंगी कशी दिसती? आमची पायल उठली, म्हनली, पुस्तकात हाय तशी. सायेब लय खूश!”

“हुशार हाय पोरगी.”

“व्हय तर. वर्षभर पेटीवरची धूळ तीच पुसती.”

माया पुढं वाकली. “गुरुजी, अडचण हुतीया तुमास्नी. द्या, मी घेते मांडीवर.”

गुरुजींनी खुशाल पेटी दिली. तिनं लगेच पेटीला बांधलेली सुतळी सोडायला घेतली.

“आवं बाई, आवं! कोन तुमी?”

“पायलची आई. पोरगी हात न लावता काय शिकली, ते जरा हात लावून बघते.”