एकाच नंबरची तीन खाती

(गुरुवार, कंपन्यांच्या सुट्टीचा दिवस. मारुंजीतल्या एका बँकेत यशवंतराव बाकावर बसलेत, मांडीवर पासबुकाची पिशवी. जमीन गेली तरी धोतर-टोपी न सुटलेले गृहस्थ. शेजारी पुतण्या रोहिदास, चाकणच्या कंपनीत कामाला. तो मात्र बसायला तयार नाही.)

रोहिदास : आठवा की, नाना. नीट आठवून सांगा. फोनवर कुणाशी काय काय बोललात?

यशवंतराव : रातीपास्नं तेच इचारतोयस. सांगितलं की. परवा एकाचा फोन आला, म्हणला बँकेतनं बोलतोय. खातं कंच्या बँकेत हाय म्हणला. म्या नाव सांगितलं. फुडं तो हिंदीत कायबाय बोलाया लागला, मला उमगंना. ठिवून दिला फोन.

रोहिदास : नुसतं बँकेचं नाव? आकडा नाही सांगितला कुठला?

यशवंतराव : न्हाई वाटतं.

रोहिदास : वाटतं? साडेतीन लाख गेले नाना, आणि तुम्ही म्हणता वाटतं!

यशवंतराव : हळू बोल. लोकं बघत्यात.

रोहिदास : बघू देत. किती वेळा सांगितलं, अनोळखी फोन उचलू नका म्हणून?

यशवंतराव : उचलल्याबिगर अनोळखी हाय का घरचा, कळायचं कसं मला? नावं भरून देतो म्हणला व्हतास तू. दिवाळी हून गेली.

रोहिदास : आता माझ्यावर ढकलू नका. सोळा तारखेला काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दवाखान्यात काय सांगायचं, वाटतं म्हणून?

यशवंतराव : मला काय बोलाचं ते बोल. तिच्या गुडघ्याचं नगं काढू. तेवढ्यानंच झोप न्हाई लागली.

मंजुषा : टोकन सतरा कोण? या काका, इथं बसा. पिशवी ठेवा टेबलावर. मी मंजुषा, असल्या तक्रारी माझ्याकडंच येतात. काल दुपारी सायबर हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, तक्रार तुम्हीच नोंदवली ना?

यशवंतराव : म्या न्हाई. चौकात काळेवाडीचा तौसिफ हाय, मोबाइलचं दुकान त्याचं. त्यानं फोन लावून दिला, म्या बोललो.

मंजुषा : तेच तर. पैसे गेले दुपारी बारा वाजता, तुमची तक्रार पावणेएकला. म्हणून त्यातले दोन लाख पुढच्या खात्यात अडवता आले. पोलिसांचे कागद होतील, वेळ लागेल, पण ते पळालेले नाहीत. बाकीचे मात्र त्यांनी लगेच काढून घेतले. ते परत मिळतील असं मी आज तुम्हाला सांगणार नाही.

यशवंतराव : दोन लाख हाईत म्हणता? रोहिदास, ऐकलंस का? काकूचं हून जाईल तेवढ्यात.

मंजुषा : पण तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं? मेसेज तर आला नसेल.

रोहिदास : हे महिन्याला पासबुक छापायला येतात, मॅडम. काही घेणं ना देणं. मी म्हणतो मोबाइलवर सगळं दिसतं, कशाला हेलपाटा घालता. ऐकत नाहीत.

मंजुषा : बरं झालं ऐकलं नाही.

यशवंतराव : मशिनीतनं कागूद भाइर आला, तीन वळी जास्तीच्या. म्हणलं हे आपलं न्हाई. ह्याला फोन लावला तर लागंना. मग तौसिफकडं पळालो.

रोहिदास : ते राहू द्या आता. मॅडम, मी दुसऱ्या कामासाठी आलोय. हा फॉर्म. नानांच्या खात्याला माझं नाव लावायचं. इथून पुढं चेक, एफडी, सगळं मीच बघणार. ह्यांना आता झेपत नाही.

मंजुषा : काका, तुम्हाला हवंय का हे?

यशवंतराव : हवं-नगं काय. घरात ठरलंय राती. वहिनी व्हत्या, लेक प्राजक्ता फोनवर व्हती. समद्यांनी म्हणलं, म्हातारा कुनाला बी काय बी सांगून बसतोय. पासबुक बी त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे. कुटं करू सही?

मंजुषा : थांबा जरा. आधी तक्रारीचा कागद पुरा करू, सही मग. खात्याला जो मोबाइल नंबर आहे, शेवटचे आकडे चार-चार-सात-एक. हाच तुमचा?

यशवंतराव : न्हाई, त्यो ह्याचा.

मंजुषा : तुमच्या खात्याला पुतण्याचा नंबर?

यशवंतराव : खातं काढलं तवा मोबाइल ह्याच्याकडंच व्हता. शिकलेला बी ह्योच. माझं खातं, छबूचं, म्हंजी आमच्या घरचीचं, आन् शालनवहिनीचं, ह्याच्या आईचं, तिन्ही त्याच नंबरावर. आमची अजून चूल एक हाय, बाई. मग नंबर कशाला तीन?

मंजुषा : आधारलाही हाच?

यशवंतराव : व्हय. समद्याला.

मंजुषा : बाकीच्या दोन खात्यांना धक्का नाही लागला, हे नशीब म्हणायचं. ती बंद केली का?

रोहिदास : केली. रात्रीच.

मंजुषा : काल तक्रार घेताना मोबाइल कंपनीच्या दुकानातून चिठ्ठी आणायला सांगितली होती. नंबर कधी, कसा बदलला त्याची.

रोहिदास : आहे. पण तिची गरज आहे का आता? नंबर परत मिळाला मला. तौसिफनं करून दिलं काम.

मंजुषा : गरज आहे म्हणून तर मागितली. द्या. मंगळवार, सकाळी सहा बावन्न. ई-सिमची विनंती, कोड टाकून मंजूर.

यशवंतराव : ई-सिम म्हंजी?

मंजुषा : फोनमध्ये चिप घालायची गरजच नाही, काका. नंबर सरळ दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊन बसतो. जुनं सिम तुमच्या फोनमध्ये असतंच, पण मेलेलं. मग बँकेचे सगळे कोड त्या दुसऱ्याला जातात. खाते नंबर, आधार ह्यात गुपित असं काही राहिलेलं नाही. तुमच्या जमिनीच्या कागदांबरोबर दहा ठिकाणी झेरॉक्स गेल्या असतील. किल्ली म्हणजे हा नंबर.

यशवंतराव : आन् ती किल्ली म्या दिली.

मंजुषा : कशी द्याल तुम्ही?

यशवंतराव : दिलीच आसंल की. कोड सांगितल्याबिगर हुईत न्हाई म्हणता ना? आता वय झालं. बोलतो ते ध्यानात ऱ्हात न्हाई. रातभर बसून आठवलं. काय बोललो, काय बोललो. मला तर वाटाया लागलं, डोस्कंच गेलं आपलं. आमच्या थोरल्या चुलत्याचं असंच झालं व्हतं. घरचा रस्ता इसरला व्हता.

मंजुषा : काका, इकडं बघा. तुम्ही एका माणसाला बँकेचं नाव सांगितलंत, त्यानं काही होत नाही. तो कोड तुमच्या फोनवर आलाच नव्हता. चार-चार-सात-एकवर आला होता. जो आलाच नाही तो सांगणार कसा?

यशवंतराव : पर रोहिदास म्हणतोय...

मंजुषा : रोहिदासभाऊ, मंगळवारी सहा बावन्नला फोन कुठं होता तुमचा?

रोहिदास : कंपनीत.

मंजुषा : कंपनीत म्हणजे?

रोहिदास : गेटवर. आत फोन नेऊ देत नाहीत. खणात टाकून जायचं, सुटल्यावर घ्यायचा.

मंजुषा : सहा बावन्नला टाकला होता का हातात होता?

यशवंतराव : सांग की रं.

रोहिदास : हातात होता.

यशवंतराव : मग?

रोहिदास : मग काय, नाना. रांगेत उभा होतो. फोन आला, मोबाइल कंपनीतून बोलतोय म्हणाला. तुमचं सिम जुनं झालंय, सात वाजता बंद पडणार. आमची हजेरी त्याच नंबरावर आहे. सिम बंद तर हजेरी नाही, हजेरी नाही तर दिवस गेला, वर ओव्हरटाइम पण गेला. मागं पन्नास माणसं. वॉचमन ओरडतोय, फोन टाका, फोन टाका. मेसेज आला तो वाचून दाखवा म्हणाला. मी दाखवला वाचून आणि फोन खणात टाकून आत गेलो.

मंजुषा : सुटल्यावर कळलं नाही, रेंज नाही ते?

रोहिदास : गेटवर रेंज अशीही येते-जाते. ओव्हरटाइम करून आलो, बसमध्ये झोपलो. घरी वायफाय, व्हॉट्सअॅप चालू. बुधवारी पहाटे परत शिफ्टला, हजेरीही गेटच्या वायफायवर लागली. कुणाला फोन लावायची वेळच आली नाही, तर कळणार कसं?

मंजुषा : बऱ्याच जणांचं असंच होतं. त्यांना माहीत असतं कुठल्या वेळेला माणूस घाईत असतो.

यशवंतराव : कधी कळलं तुला?

रोहिदास : काय?

यशवंतराव : की तुझ्याच हातनं झालं. कधी कळलं?

रोहिदास : काल संध्याकाळी. तौसिफनं चिठ्ठी दिली तेव्हाच.

यशवंतराव : म्हंजी राती घरात बसलो, तवा ठावं व्हतं तुला.

रोहिदास : मी सांगणार होतो, नाना. आईची शपथ. तोंड उघडणार तेवढ्यात प्राजक्ताच फोनवर म्हणाली, नाना बोलले असतील कुणाशीतरी. सगळे तेच धरून बसले. मी नुसता गप्प राहिलो.

यशवंतराव : गप कुटं ऱ्हाईलास? वरडत व्हतास.

रोहिदास : भीती वाटली. घरात सगळे मला विचारून करतात. लाइट बिलापासून ऑपरेशनपर्यंत. मीच असा येड्यासारखा कोड दिला म्हटल्यावर...

यशवंतराव : येडं आपल्या नानाला ठरवावं. सोपं पडतं.

रोहिदास : चुकलं माझं.

यशवंतराव : पैशाचं म्या काय म्हणत न्हाई. ठकवणाऱ्यानं ठकवलं, मला बी ठकवलं आस्तं. पर आता ह्या खुर्चीत मला सही कराया बसवलंस तू. ठावं असताना. ते लागलं.

मंजुषा : काका, पाणी घ्या. घ्या, घोटभर. ह्या फॉर्मचं काय करायचं सांगा.

यशवंतराव : फाडून टाका.

मंजुषा : तुम्हीच फाडा. तुमचं नाव आहे त्यावर. हं. आता खात्याला कुठला नंबर?

यशवंतराव : माझा. माझ्या फोनाचा. त्यावर बोलणं आन् मेसेज, दुसरं काय यत न्हाई. चालंल ना?

मंजुषा : उत्तम चालेल. आणि काकूंना, वहिनींना आपापला नंबर. आधारचं केंद्रावर जाऊन बदला. एक लक्षात ठेवा. शेजारच्याला रेंज आहे आणि तुमच्याच फोनला अचानक नाही, तासाभरात येतही नाही, तर रेंज गेली म्हणून बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला विचारा, मग आम्हाला. हे भाऊंनाही सांगतेय.

रोहिदास : हो, मॅडम.

मंजुषा : नंबर सांगा, काका. बरोबर, दहा आकडे झाले. आता तुमच्या फोनवर एक कोड येईल. तो तुम्ही स्वतः ह्या मशिनमध्ये टाकायचा, मलासुद्धा सांगायचा नाही. काढा फोन.

यशवंतराव : फोन न्हाई आनला.

मंजुषा : का?

यशवंतराव : राती छबूनं काढून घेतला. म्हणली, तुमच्या हातात नगंच त्यो. कपाटात घातलाय, किल्ली तिच्या कमरंला.

मंजुषा : मग घरून आणावा लागेल. दीडपर्यंत आहे मी, नंतर जेवायची सुट्टी.

रोहिदास : मी आणतो. गाडी आहे, दहा मिनिटांत येतो. तुम्ही बसा, नाना.

यशवंतराव : रोहिदास.

रोहिदास : हां, नाना?

यशवंतराव : नुसता दे म्हणलास तर ती द्यायची न्हाई. का द्यायचा, ते सांगावं लागंल तुला.