गिटारची केस खाली नाई

मुखरू : तयार हाये म्हनलो ना. केस तयारच हाये. फक्त खाली नाई.

पुनम : खाली नाई म्हणजे? कोनाची गिटार ठेवली माह्या केसमधी?

मुखरू : गिटार तुह्याशिवाय कोनापाशी हाये एटापल्लीत? तू पहिले बस. हे बुलेटची सीट हाये, हिच्यावर बस. नवा फोम टाकला हाये कालच.

पुनम : मुखरूभाऊ, उद्या सकाळी सहाची गाडी हाये मले चंद्रपूरची. केस देऊन वीस दिवस झाले. रोज फोन करून राह्यली, आन् तुम्ही रोज म्हनता, आतमधलं काम सुरू हाये.

मुखरू : सुरूच हाये. सतरा दिवस झाले, चार राह्यले. माह्या मायले विचार.

पुनम : कशाचे चार?

ठमाबाई : हळू बोला गा. उठन ना ते.

पुनम : कोन उठन, ठमाबाई?

ठमाबाई : कोंबडी. पडदा सरकव आन् पाह्य. तोंडानं आवाज नको करू. बारा अंड्यावर बसली हाये.

पुनम : हे माही केस हाये.

मुखरू : तेच मघापासून सांगून राह्यलो.

पुनम : गिटारच्या केसमधी कोंबडी?

मुखरू : माह्या हातानं नाई बसवली मी. तिसऱ्या दिवशीच तुहं काम झालं होतं. दोन्ही खटके नवे बसवले, मोटारसायकलच्या डिक्कीचे. मूठ शिवली. आतमधी लाल मखमल चिकटवली आन् सोल्युशन वाळाले केस उघडी ठेवली. जेवून येतो तं हे बसलेली. मले वाटलं, पाहून राह्यली असन. लोक सीटवर बी बसूनच पाह्यतेत. संध्याकाळी एक अंडं निंगालं.

ठमाबाई : बाकीचे अकरा मी सरकवले. एका अंड्यासाठी कोन बसवते कोंबडी?

पुनम : तवाच फोन काऊन नाई केला मले?

मुखरू : काय सांगू फोनवर? तूच सांग, कसं सांगाव.

पुनम : आन् हे काय? हे भोकं कायचे?

मुखरू : रात्री मुंगूस येते. म्हनून झाकण लावून घेतो. झाकण लावलं तं तिले हवा पाह्यजे. दोनच पाडले. तुह्या गिटारले बी एक मोठं भोक हायेच, त्याच्याबद्दल तू कधी काही बोलली नाई.

पुनम : ठमाबाई, तिले टोपल्यात ठेवा. मी उचलते, अल्लाद उचलते. अंड्यासकट.

ठमाबाई : हात नको लावू. खुडूक कोंबडीची जागा बदलली का ते अंडे सोडते. ह्या शहाण्यानंच मागच्या खेपेले टोपल्यातून पोत्यावर ठेवली, ऊन लागते म्हने तिले. दहाचे दहा थंडे पडले. त्याच्या आधी मुंगसानं नेले. दोन खेपा गेल्या माह्या. हे तिसरी हाये, आन् कोंबडीचं वय झालं. पुढं बसनार नाई ते.

पुनम : माही बी दुसरी खेप हाये.

मुखरू : तू कुठी बसली होती?

पुनम : बसली नव्हती, उभी होती. मागच्या वर्षी ह्याच केसचा खटका आलापल्लीच्या अलीकडं सुटला. गिटार बसच्या मागच्या सीटखालून घरंगळत दारापर्यंत गेली. आलापल्लीले एक मानूस चढला, त्यानं खताचं पोतं बराबर तिच्यावर ठेवलं. मान मोडली. तो मानूस चांगला होता, बिचारा चंद्रपूरपर्यंत हळहळत बसला. पोत्यावर.

ठमाबाई : मंग?

पुनम : मंग काय. हर्षाताईसमोर गेली तं हातात दोन तुकडे. सात पोरींचा बँड हाये तिचा, गिटारवालीची एकच जागा, आन् वर्षातून एकदाच पाह्यते ते वाजवनाऱ्याले. मले म्हनली, पुढल्या वर्षी ये, अख्खी घेऊन ये. म्हनून मान जोडली, वर्षभर वाजवलं. घरचे म्हनते का ह्या वर्षी नाई झालं तं नर्सिंगचा फॉर्म भर. परवा रविवारी पाह्यनार हाये ताई. मी अख्खी नेनार हाये, मुखरूभाऊ. कशी बी.

मुखरू : चादरीत गुंडाळू. मांडीवर घेऊन बस. लेकरू समजून जागा बी भेटन.

पुनम : लेकराची मान एवढी लांब राह्यते?

मुखरू : आजारी हाये म्हनून सांगजो.

पुनम : नाई.

मुखरू : मंग असं कर. केस कोंबडीसकट ने, झाकण लावून. जागा बदलत नाई, म्हणजे मायची बी हरकत नाई. गिटार हातात धर.

पुनम : मंग केसचा फायदा काय?

मुखरू : कोंबडी सुरक्षित पोचन.

पुनम : ठमाबाई, हे घरी बी असेच बोलते का?

ठमाबाई : ह्याच्या बापाचं असंच होतं. त्यानं एकदा घरचं दार विकलं, म्हने चोरी होईन त्याची.

पुनम : ठीक हाये. मी इथीच बसते. ते चार दिवस बसन तं मी उद्या सकाळपर्यंत बसते. नवी केस नाई भेटली तं उठत नाई. पाहू कोन पहिले उठते.

मुखरू : सीटवर बसली हायेस ते मास्तरची हाये.

पुनम : असू द्या.

ठमाबाई : आन इकडं ते तुहं वाजवाचं लाकूड. आन म्हनते ना. आडवं ठेव. पाच वीत, वर चार बोटं. मधी बारीक, बुडाशी रुंद. बगळ्यासारखंच हाये हे.

पुनम : काय करून राह्यल्या?

ठमाबाई : माह्यापाशी कोंबड्या झाकाचं डालगं हाये बांबूचं. पक्कं हाये, बैल उभा राह्यला तरी दबत नाई. आता रिकामंच पडलं हाये, कारन त्याची मालकीन तुह्या मखमलीवर बसली. त्याचं तोंड उकलते आन् पुढं मान विणते.

मुखरू : डालग्यात गिटार नेनार?

ठमाबाई : केसमधी कोंबडी चालते तं डालग्यात गिटार काऊन नाई चालत? तू फोम दे आतून लावाले.

मुखरू : फोम मास्तरच्या सीटमधीच हाये सगळा. गुणवंतराव मास्तर आज संध्याकाळी सीट न्याले येनार हाये.

पुनम : त्यायले सांगा, आतमधलं काम सुरू हाये.

ठमाबाई : पोरी, तू उठ आता. ह्या बांबूच्या कामट्या पाण्यात टाक. ओल्या नसल्या तं कडाकडा मोडते.

पुनम : ह्या सगळ्या?

ठमाबाई : सगळ्या. आन् ते गिटार इकडं नको आनू घडीघडी. माप माह्या हातात हाये.

मुखरू : चार वाजले, माय मानेपर्यंत पोचली. मी आतून फोम शिवून राह्यलो, पट्टा लावून राह्यलो. खटक्याच्या जागी काय लावू?

ठमाबाई : दोरी. दोरीले खटका नसते, म्हनून सुटत बी नाई.

पुनम : आता ठेवू गिटार?

ठमाबाई : थांब. पहिले अंडं ठेवून पाह्य. चुलीपाशी एक हाये, ते आन. मधी ठेव. बांध दोरी.

मुखरू : बाजेवरून टाकू?

पुनम : टाका.

मुखरू : पडलं. उघडून पाह्य.

पुनम : अख्खं हाये.

ठमाबाई : अख्खं असनारच.

पुनम : अजून एकदा. माळ्यावरून.

मुखरू : पुनम, गिटार माळ्यावरून कोन टाकनार हाये?

पुनम : मागच्या वर्षी खताचं पोतं ठेवनारा बी कोनी नव्हता. टाका.

मुखरू : टाकलं.

पुनम : अख्खं. आता त्याच्यावर उभे राहा.

मुखरू : मी?

पुनम : खताचं पोतं नाई ना माह्यापाशी.

(पाच दिवसांनी, बुधवारी दुपारी. पुनमचा चंद्रपूरहून फोन.)

मुखरू : बोल. डालगं टिकलं का?

पुनम : टिकलं. कंडक्टरनं विचारलं, आतमधी कोंबडी हाये का. मी म्हनलं नाई, कोंबडी गिटारच्या केसमधी हाये. मंग आष्टीपर्यंत तो माह्याकडं पाह्यलाच नाई. आलापल्लीले एका बाईनं त्याच्यावर पाय ठेवून खिडकी उघडली. काही झालं नाई, तार बी ढिली नाई झाली.

मुखरू : आन् हर्षाताई?

पुनम : पहिले तिनं डालगंच वाजवून पाह्यलं, बोटानं. म्हनली, हे कोनी विणलं. मंग गिटार काढली आन् घाईघाईत माहे हात भलत्याच तारेवर पळून राह्यले. मंग मले तुम्ही आठवले, डालग्यावर उभे राह्यलेले. हसू आलं. हात थांबले. मंग वाजवलं.

मुखरू : मले पाहून लोकायचे हात थांबतेत, हे खरं हाये. झालं का?

पुनम : आज सांगितलं. सोमवारपासून ये म्हनली.

मुखरू : माय, पोरीचं झालं. घे, बोल.

ठमाबाई : पोरी, फुटली तं नाई ना?

पुनम : नाई ठमाबाई, अख्खी हाये. मले घेतलं त्यायनं.

ठमाबाई : चांगलं झालं. इकडं काल अकरा पिल्लं निंगाले. तुही मखमल सारी खराब झाली हाये, पहिलेच सांगून ठेवते.

पुनम : आन् बारावं?

ठमाबाई : तेच तं. पिल्लं अंगनात पळून राह्यले, मुखरू त्यायच्यामागं पळून राह्यला, आन् हे एका अंड्यावर बसूनच हाये. मी आज उठवाले गेली तं टोच मारली. तुह्या केसची घाई असन तं सांग, उठवते तिले.

पुनम : नोका उठवू, ठमाबाई. बसू द्या. मले बी एक वर्ष जास्तच लागलं.