अंकुशराव मिस्त्रींचा डावा डोळा

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या काच कारखान्याचे मालक बसलिंगप्पा सावकार, आज ज्यांना निरोप द्यायचाय ते अंकुशराव मिस्त्री, आळंदहून आलेले फौजदारसाहेब, आणि हाताला काम न्हाई म्हणून एकजात वेळेवर आलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

शब्द माझे, चष्मा मास्तरांचा. मला अक्षर येत न्हाई, म्हणून ते वाचतील; मी गुरुबाई, इथं पुढंच बसलेय. मास्तर, मधी थांबायचं न्हाई.

मिस्त्री लेकीकडं उमरग्याला निघालेत. सावकारांनी शाल दिली, छान दिली. डोळा कुठून देणार?

पाहुण्यांसाठी सांगते. कंदिलाच्या काचा गोदामात आढ्याला टेकल्या, गिऱ्हाईक न्हाई. सावकारांनी निम्म्या गड्यांना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. गडी काय समजले? माल साचला म्हणून काम गेलं, तर माल फोडा! आमच्यात फुटक्या काचेला कोण रडतंय? फुटलेलं भट्टीत टाकायचं, सांजच्याला नवी काच. रझाकाराच्या धामधुमीतसुद्धा ती भट्टी विझली नव्हती. मग काय, काच फुंकायच्या लोखंडी नळ्या घेऊन सगळे गोदामात घुसले.

पाय चिरले, रक्तावरून घसरून माणसं काचेवर पडायलीत, उठून पुन्हा मारायलीत! मिस्त्री मधी शिरले. "अरं लेकरांनो, भट्टी सकाळीच विझवलीया! आता फुटलं ते मेलं!" तेवढ्यात एक नळी त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसली. मग पोलीस आले. लाठीनं एका गड्याच्या, रेवणसिद्धप्पाच्या, मनगटाचं हाड बाहेर आलं.

सावकार म्हणाले, "मारणाऱ्याचं नाव सांगा. तोवर भट्टी पेटणार न्हाई, एकालाही काम न्हाई." फौजदारसाहेबांनी विचारलं, तर मिस्त्री म्हणायलेत, "मला दिसलंच न्हाई." वा मिस्त्री! नळी आली तवा तर दोन्ही डोळे शाबूत होते की!

या मायेला काय म्हणावं? पण तुमच्या गप्प बसण्यानं एक घर वाचलं अन् गावाच्या चुली विझल्या. कुणाचं घर? माझं. माझा थोरला, लिंगराज.

काल त्याला विचारलं, "कामून मारलंस रं?"

"अव्वा, वाटंतनं हटंनात. डोकं फिरलं."

"उद्या समारंभाला ये."

"फौजदार येणार हाय की!"

"म्हणूनच ये."

आलाय. दाराशी उभा हाय. सावकार, नाव मिळालं. तुमचा शब्द गावानं ऐकलाय. उद्या भट्टी पेटवा.

मिस्त्री, सुखानं जावा. बसून ऐकलंत, सगळ्यांचे उपकार. अडाणी बाईच्या बोलण्यात काही वाकडं गेलं असंल तर पोटात घाला. लेकाचं पोटात घाला, असं मात्र मी म्हणणार न्हाई.