मागच्या दाराची चौकट

हसायचं तर हसा, पण आधी ऐका. गंगापूर धरणाकाठचा तो जुना बंगला आम्ही घेतला, तेव्हा विकणाऱ्या काकांची एकच अट होती. "बाकी काय हवं ते करा, पण मागच्या दाराच्या चौकटीला रंधा मारू नका."

चौकटीवर त्यांच्या मुलीच्या उंचीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाची एक. शेवटची नवव्या वर्षाची. त्याच वर्षी पोरगी धरणात बुडाली.

आम्ही कौलं शाकारली, खिडक्या दुरुस्त केल्या, चौकटीला हात लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात बंद बंगल्याचं कुलूप काढलं, तर चौकटीवर नवव्या रेघेच्या वर एक नवी रेघ. शेजारी लिहिलेलं, 'दहा'.

म्हटलं, काकाच येऊन गेले असणार. फोन लावला.

"काका, बंगल्यावर आला होतात?"

"नाही रे. का?"

मी रेघेचं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "किती वाढलीय?"