पाचातली तिसरी

“हॅलो?… हां श्रद्धा, बोल… हो, आत्ताच बघितलं मी पण… कुठलं म्हणजे? ते ॲपवालं चित्र?… हो. तेच… थांब, कुकर बंद करते.”

सानवीने गॅस बंद केला. शिटी व्हायची होती अजून, पण हे बोलणं शिटीच्या आवाजात तिला जमलं नसतं. रत्नागिरीत घरी बसून ती जपानी कॉमिकांचे अनुवाद करायची, आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण श्रद्धा पूर्णगडला राहून चित्रं काढायची. दोघींनी मिळून एक गोष्ट रचली होती. जनी नावाची मासे विकणारी बाई खाडीत होडी हाकता हाकता दुसऱ्याच जगात पोचते. जनीचा चेहरा श्रद्धाने आपल्या आईवरून काढला होता. मुंबईच्या एका ॲपने ती गोष्ट घेतली आणि आज सकाळी तिची जाहिरात सगळीकडे फिरली.

“नाही गो, चुकून दुसरं नाही लावलेलं. आपलंच आहे… तो मधे उभा आहे ना, तो नायक… हो, नवीन घातला… अगं ऐक ना. सांगणार होते मी… परवा तू फोन केलास तेव्हा? तेव्हा तू घराच्या कौलांचं सांगत होतीस, मग… हो. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“त्यांना हारेम इसेकाई हवं होतं… इसेकाई म्हणजे दुसरं जग. हारेम म्हणजे… जनानखाना. एक मुलगा आणि त्याच्या प्रेमात पडलेल्या सगळ्या… हसू नकोस ना अशी.”

ते हसणं सानवीच्या ओळखीचं होतं. श्रद्धा फार चिडली की आधी हसायची.

“अगं, हे मी काढलेलं खूळ नाही. तिकडे जपानात कधीपासून चाललंय… सांगते ना. नव्वदच्या आसपास दुसऱ्या जगात जायच्या त्या बऱ्याचदा मुलीच. शाळेच्या गणवेशातल्या. तिथे लढायच्या, राज्यं वाचवायच्या… हो, मुलीच. आणि एक मुलगा, त्याच्याभोवती घरभर मुली, असल्या विनोदी मालिका वेगळ्या असायच्या. दोन्हींचा फारसा संबंध नव्हता… मग इंटरनेट आलं. हौशी माणसं साइटवर फुकट कादंबऱ्या टाकायला लागली. वाचकांना आवडेल ती गोष्ट वर चढायची, मग बाकीचे तसंच लिहायचे. नायक ट्रकखाली मरणार, तिकडे पुन्हा जन्मणार, सगळ्यांत ताकदवान होणार, आणि जी भेटेल ती त्याच्यावर भाळणार… तेच. त्याची पुस्तकं निघाली, मग मांगा म्हणजे कॉमिक, मग ॲनिमे म्हणजे कार्टून मालिका. इतकं माजलं की एका स्पर्धेने शेवटी सांगितलं, दुसऱ्या जगाच्या गोष्टी पाठवूच नका… हो, बंदी. आणि आता आपल्याकडे आलंय. बाजारच तसा आहे, एवढंच म्हणायचंय मला.”

“काय म्हणालीस?… हो. आधी मुलीच गेल्या होत्या. कुणी न्यायला लागलं नव्हतं… बरोबर आहे तुझं.”

“डोळे त्यांनी मोठे केले. तुझ्या चित्रावरून दुसऱ्याच कुणी काढलं… वय पण त्यांनीच उतरवलं… त्यांनी विचारलं होतं ना. चित्रकाराला चालेल का म्हणून विचारलं होतं. मी लिहिलं, चालेल… तुझ्या वतीने… कारण तू नाही म्हणाली असतीस, श्रद्धा.”

सानवीला वाटलं, लाइन गेली. जावी, असंही क्षणभर वाटलं.

“आहेस ना?… कुणी बघितलं? काकींनी?… नको. आत्ता नको देऊस त्यांना… हां काकी. सानवी बोलतेय… नाही, जेवायचंय अजून… हो, ते आमचंच. तुम्ही कोणती?… डावीकडून तिसरी. माशांची पाटी घेतलेली… हो, जरा गोरीच केलीय… बंदरावर दाखवलंत?… हौसामावशींना पण?… छान म्हणाल्या का. बरं.”

काकी, श्रद्धाची आई, खुशीत होत्या. सानवी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. श्रद्धा चित्रं काढायची तेव्हा ह्याच काकी बाजारातून दमून आल्या तरी हातात वल्हं धरून समोर बसायच्या. पाय आखडले तरी हलायच्या नाहीत.

“गोष्टीत ना… तुम्ही मासे रांधता. त्याला आवडतात म्हणून… होडी? होडी तो हाकतो… हो काकी, आधी तुम्हीच हाकत होतात… वादळात? वादळात तुम्ही बाकीच्या चौघींबरोबर आत बसता. तो वाचवतो सगळ्यांना… नाही, लग्न नाही होत. कुणाशीच नाही होत, लांबतच राहते असली गोष्ट… काय म्हणालात?… मग तुम्ही तिकडे गेलात कशाला, असं विचारताय?”

असल्या किती गोष्टी तिने वाचल्या होत्या, किती मराठीत आणल्या होत्या. त्यांतल्या एकाही बाईने हे विचारलेलं तिला आठवेना.

“काकी, ती तुम्ही नाही. तुमचा चेहरा घेतला आणि बाकी काहीच ठेवलं नाही मी… रागावा ना मला. असं बरं बरं म्हणू नका… जेवते. जेवते नंतर. श्रद्धाकडे द्या.”

“हां… ऐकलंस ना सगळं… आत्ता लिहिते त्यांना. तू हो म्हटलंच नव्हतंस, मी खोटं कळवलं, असं लिहिते. जनी मिळणार नाही… उरलेल्या चौघींची गोष्ट करतील, नाहीतर सगळंच रद्द करतील… माझं नाव पण काढायला सांगते… पुढे काम देतील का? नाही देणार बहुतेक… तू विचारलंस म्हणून सांगितलं, दया कर म्हणून नाही.”

“संध्याकाळच्या गाडीने येऊ पूर्णगडला?… उद्या?… बरं. नाही येत… जनीची चित्रं फाडू नकोस तेवढी… हो, तुझीच आहेत. मी कोण सांगणारी… बरं. तू बोलावशील तेव्हा.”

श्रद्धाने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवून दिला असावा. लांबून काकींचा आवाज येत होता. दारात आलेल्या कुणाला तरी त्या सांगत होत्या, अगो, ती मी नाही, भलतीच कोण तरी आहे ती.

सानवीने ते सगळं ऐकून घेतलं. मग आपणच फोन बंद केला.